सालगडी, जीत आणि भगेला : बीदर-कलबुर्गी सीमाभागातल्या मालक-गडी नात्याचा हिशोब

वेळ अमावस्येला आपल्याकडची गावं दुपारी ओस पडतात. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-उदगीर-निलंगा भागात, तसंच भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातही त्याच दिवशी पाळली जाते. मराठीत कुणी येळवस म्हणतं, कन्नडमध्ये यळ्ळ अमावस्ये म्हणतात. कडब्याची कोप करायची, भज्जी, उंडे, अंबील घेऊन अख्खं घर रानात जायचं. उभ्या पिकावर अंबील शिंपडत एक माणूस रानाला फेरी घालतो. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, आमच्या रानात ही फेरी घरातल्या कुणी घातल्याचं मला आठवत नाही. ती गडी घालायचा. रान आमचं, पण रानाला जेवू घालायचा मान त्याचा. मग आम्ही कोपीपाशी जेवायला बसायचो आणि तो, त्याची बायको, पोरं दहा-बारा पावलांवर, बांधाच्या खाली. त्या दिवशी आई त्यांना स्वतः वाढायची, तेही वरून, भांड्याला भांडं न लावता.

मंडळाच्या मागच्या एका बैठकीत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या काळातल्या गोऱ्या शेतमालकांवर आणि काळ्या शेतमजुरांवर चर्चा झाली. त्यात एक मुद्दा निघाला, की ही नाती निव्वळ चाबकाची नव्हती. पिढ्यानपिढ्या एकाच जमिनीवर राहिलेली घरं, मालकाची पोरं सांभाळणाऱ्या बाया, 'आमची माणसं' म्हणणारे मालक हे सगळं तिथंही होतं. तेव्हा एका सभासदानं विचारलं, "मग आपल्याकडं काय होतं?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे. मी मालकाच्या घरातला आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिलंय ते वाचताना ते ध्यानात ठेवणं जरूर आहे.

नावं

आधी नावं पाहू. मराठीत आपण सालगडी म्हणतो, म्हणजे सालानं, वर्षाच्या करारानं ठेवलेला गडी. कन्नडमध्ये जीत हा शब्द आहे, आणि जीत करणारा तो जीतदाळु. हैदराबाद संस्थानाच्या कागदांत, विशेषतः तेलंगणाच्या बाजूला, भगेला हा शब्द येतो. याशिवाय वेठ, वेट्टी, बिगार हे शब्द बिनमोल कामाचे. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. सालगडी हा कागदावर मोकळा माणूस. साल संपलं की दुसरीकडं जायला मोकळा. भगेला मात्र कर्जापोटी बांधलेला, आणि कर्ज फिटेपर्यंत, प्रसंगी मुलाच्या काळापर्यंत बांधलेलाच. वेठ ही गावकामाची, सरकारी माणसाची, देशमुख-पाटलाची. तिला ना कर्ज लागे ना करार.

कागदावर फरक स्पष्ट आहे. गावात मात्र एकच माणूस पाडव्याला सालगडी असे, कर्ज न फिटल्यामुळे जीतदाळु होई, आणि पटवारी किंवा अंमलदार गावात आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन वेठीलाही जाई.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बंधक मजुरीच्या देशभरातल्या प्रकारांची एक लांबलचक यादी दिलेली आहे. त्यात भगेला आहे, जीत आहे, वेट्टी आहे, आणि 'होल्या' हाही शब्द आहे. होलेय हे आपल्याकडच्या एका दलित जातीचं नाव. जातीचं नाव आणि गुलामीच्या प्रकाराचं नाव देशाच्या कायद्यातही एकाच ओळीत आलं. याहून स्पष्ट पुरावा मला तरी दुसरा सापडला नाही.

म्हणजे गडी फक्त दलितच असत असं नाही. कुरुब-धनगर, कोळी-कब्बलिग, लमाण, गरीब मराठे आणि लिंगायत, मुसलमान अशा सगळ्यांतून गडी आले. पण एक भेद होता. मराठ्याचा किंवा लिंगायताचा पोर गडी राहिला तर तो दोन-चार सालांत बैलजोडी घेऊन बटईनं रान करायची उमेद धरी. होलेय-मादिग, महार-मांग घरातला गडी बहुतेक गड्याचाच मुलगा असे आणि गड्याचाच बाप होई.

कन्नडमध्ये 'गडी' म्हणजे सीमा, हद्द. मराठीत गडी म्हणजे राबता पुरुष. हा निव्वळ उच्चाराचा योगायोग, त्यातून काही व्युत्पत्ती काढू नये. पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत हा शब्द दोन्ही अर्थांनी रोज कानावर पडायचा, एवढं खरं.

पाडव्याचा हिशोब

गड्याचं साल गुढीपाडव्याला, कन्नड बाजूला उगादीला सुरू होई. त्या दिवशी मागचा हिशोब आणि पुढचा ठराव. ठरावात काय असे? वर्षाचे पैसे, त्यातली आधी घ्यायची उचल, महिन्याची ज्वारी पायलीच्या मापानं, धोतरजोडा, घोंगडी, चप्पल. बायकोला सणाला लुगडं मिळेल की नाही यावर घासाघीस. तिच्या कामाचा वेगळा उल्लेख क्वचितच. पण गडी ठेवला की त्याची बायको शेणगोठा, अंगणझाड, निंदण-खुरपण करणार हे धरलेलंच असे. पोर सात-आठ वर्षांचं झालं की ढोरामागं जाणार हेही तसंच धरलेलं.

हिशोब कसा फिरत असे ते समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, रीत खरी आहे. समजा, पाडव्याला गड्याकडं मागची बाकी १०० रुपये. सालाचे १५० ठरले. सरळ हिशोबानं साल संपताना बाकी फिटून ५० रुपये त्याच्या हातात यायला हवेत. आता वर्षभरात काय होतं? बाकीवर व्याज २५. बहिणीच्या लग्नाला ७० उचलले. बायकोच्या आजारपणात २५. श्रावणात घरात दाणा नाही म्हणून ज्वारी घेतली, ती दिडीनं, म्हणजे चार पायल्यांच्या सहा लावून, त्याचे २५. हे झाले १४५, जुन्या शंभरासह २४५. इकडं आजारपणात आणि पाहुण्यारावळ्यांत खाडे पडले, त्याचे २० कापून सालाचे राहिले १३०. पाडव्याला बाकी किती? ११५. माणूस वर्षभर पहाटे चारला उठून राबला आणि १५ रुपयांनी मागं गेला. या उदाहरणात मालकानं कुठंही खोटं लिहिलेलं नाही. खोटं लिहिलं तर काय होईल ते सांगायलाच नको.

इथं व्याजापेक्षा मोठी गोष्ट आहे. वही मालकाकडं, अक्षर मालकाला, माप मालकाचं. गड्याकडं फक्त आठवण. आठवण आणि वही यांचं भांडण झालं तर गावात पंच म्हणून बसणार ते पाटील-पटवारी, म्हणजे दुसऱ्या वह्यांचे मालक.

आणि बाकी असताना दुसरीकडं जायचं कसं? नव्या मालकानं जुन्याची बाकी फेडायची आणि गडी न्यायचा. कागदावर ही गड्याची सुटका वाटते. पण नव्या वहीत पहिल्याच ओळीला तीच बाकी, तिच्या वर नवी उचल. गडी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाई, त्याला बाहेरची वाट नव्हती.

घरचा माणूस

हे वाचून आमच्या पिढीतले मालकघरचे लोक म्हणतील, "असं कसं? आमच्याकडं तर गडी घरच्यासारखा होता." हे बोलणं मी खोटं मानत नाही. निबंधाचं खरं काम इथंच आहे.

घरच्यासारखा होता हे खरं. रानाची खरी माहिती त्यालाच. कुठल्या पट्टीत पाणी साचतं, कुठं तूर जळते, कुठल्या बैलाला डावीकडं जुंपायचं हे मालकाला त्याला विचारावं लागे. पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणं हे साधं काम नाही. बी समान पडलं नाही तर अख्ख्या हंगामाचं नुकसान. ती मूठ बहुतेक वेळा त्याची किंवा त्याच्या बायकोची असे. रात्री पिकाची राखण, खळ्यावर मुक्काम, बाळंतिणीसाठी सुईण आणायला अंधारात जाणं, मालकाच्या पोराला खांद्यावर बसवून जत्रेला नेणं, हे सगळं त्यानं केलं. मालकानंही गड्याच्या पोरीचं लग्न लावून दिलं, साप चावला तर गाडी जुंपून तालुक्याला नेलं. गड्याच्या घरात कुणी गेलं तर वाड्यात चूल उशिरा पेटली. हे मी पाहिलेलं आहे.

पण घरच्यासारखा म्हणजे घराच्या नेमका किती आत? होलेय-महार गड्याचा पाय गोठ्यापर्यंत. ओसरी ओलांडायची नाही. चहा द्यायचा तर वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी. ती त्यानंच काढायची, त्यानंच धुवायची, परत त्यानंच खोचायची. आड भरलेला असला तरी पाणी कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहायचं. ज्वारी त्यानं पेरली, राखली, कापली, मळली, पोत्यात भरली. पोतं वाड्याच्या उंबऱ्याशी आलं की पुढं दुसऱ्यानं न्यायचं.

आणि बोलणं. पाच वर्षांचा मी साठीच्या गड्याला नावानं, अरेतुरे हाक मारायचो. तो मला 'धाकले धनी' म्हणायचा. शेजारच्या कन्नड घरात तोच प्रकार, फक्त शब्द 'सण्णगौडा'. आमच्या घरात वयानं मोठ्या माणसाला काका, मामा, अप्पा म्हणायची इतकी ताकीद, की वाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही 'अहो बाबा' म्हणावं लागे. एकट्या गड्याला ते लागू नव्हतं. घरच्या माणसाला नातं असतं. त्याला आमच्या भाषेनं एकही नातं दिलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की माया आणि हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मायेमुळं हिशोब विचारता येत नसे. "पोरीचं लग्न लावून दिलं ना, मग बाकीचं काय विचारतोस?" हे वाक्य रागानं नाही, दुखावल्या आवाजात म्हटलं जाई, आणि गडी खरोखर ओशाळत असे. लग्नाचे पैसे वहीत उचल म्हणून लिहिलेले असत, तरी गावात ते उपकार म्हणून गणले जात. एकच रक्कम दोनदा वसूल होई, एकदा कामातून आणि एकदा कृतज्ञतेतून.

याच मातीत बाराव्या शतकात, कल्याणला, कायक म्हणजे श्रम हेच मोठं असं बसवण्णांनी सांगितलं. हरळय्या आणि मधुवरस यांच्या घरांतली सोयरीक आणि तिच्यापायी दोघांना झालेली शिक्षा ही कथा परंपरेनं आपल्याला दिली. ती कथा सांगणाऱ्या वाड्यांतही वळचणीची कपबशी होती, हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तसंच ज्ञानोबा-तुकोबाची वारी करणाऱ्या घरांतही ती होती.

कायदे आले, पण कुणासाठी?

हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. संस्थानाची सुमारे एक तृतीयांश जमीन जहागिरी आणि पायगांकडं, शिवाय निजामाची खासगी सर्फ-ए-खास. बीदर जिल्ह्यात तर जहागिरी-पायगांचा भरणा मोठा. कल्याणीचे नवाब हे त्यातलं एक ठळक नाव. जहागीरदार किंवा सरकार वर, खाली देशमुख, देशपांडे, माली पाटील, पोलीस पाटील, पटवारी, त्याखाली कूळ आणि शिकमी कूळ. गडी या उतरंडीत कुठंच नाही, कारण उतरंड जमिनीवरच्या हक्कांची होती आणि त्याचा हक्क शून्य.

१९३६ मध्ये निजाम सरकारनं भगेला करारांवर नियमन आणलं. संस्थानाला प्रश्न दिसलेला होता, हे त्यावरून कळतं. पण ते करार बंद झाले नाहीत, त्यांना मर्यादा घातल्या गेल्या. आणि मर्यादा पाळल्या जातात की नाही हे पाहणारे गावातले अंमलदार तेच पाटील-पटवारी.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. तेव्हा बीदर-गुलबर्गा भागात जी हिंसा झाली तो वेगळ्या निबंधाचा विषय आहे. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारं नियमन निघालं. १९५० मध्ये राज्यघटना आली. कलम १७ नं अस्पृश्यता आणि कलम २३ नं वेठबिगार बेकायदा ठरवली. त्याच वर्षी हैदराबादचा कूळकायदा आला आणि संरक्षित कूळ हा शब्द गावात पोचला.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात. आपल्या मंडळात या फाळणीवर कितीतरी निबंध वाचले गेले. कुठलं गाव कुठं जायला हवं होतं यावर आपण तासन् तास बोललो. पण एक प्रश्न आपण कधी विचारला नाही : गड्याला या सीमेनं काय फरक पडला? भालकीचा गडी आणि उदगीरचा गडी १९५५ मध्ये एकाच कायद्याखाली होते, १९५७ मध्ये दोन राज्यांत होते, आणि दोघांचा पाडवा तसाच होता.

मोठा बदल १९७४ चा. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारजमा होऊन कुळांना मिळायची वाट झाली. तालुक्याला जमीन न्यायाधिकरणं बसली. 'फॉर्म नंबर सात' हे शब्द निरक्षर माणसालाही पाठ झाले. अर्जाची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. अनेकांचं त्यानं भलं झालं, यात वाद नाही.

पण फॉर्म सात भरायला कूळ असावं लागतं. गडी कूळ नव्हता. कूळ जमीन कसतं आणि मालकाला वाटा किंवा खंड देतं. गडीही जमीन कसतो, पण कायद्याच्या नजरेत तो मालकाचा हात आहे. वीस वर्षं एकाच पट्टीवर मूठ धरलेल्या माणसाचं नाव पहाणीपत्रकात कुठंच नाही. उलट झालं असं, की जो मालक पूर्वी एखाद्या जुन्या गड्याला कोपऱ्यातली दोन एकर बटईनं द्यायचा, तो आता द्यायला भिऊ लागला. बटई दिली की कूळ लागेल. गडी ठेवला तर काही लागत नाही. कुळाला वाचवणाऱ्या कायद्यानं गड्याला आणखी घट्ट गडीच करून ठेवलं. हे कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हतं, पण वाड्यातल्या बैठकीत ही गोष्ट उघडपणे बोलली जायची. मी चहा नेऊन देत होतो, म्हणून ऐकली.

१९७५ आणि नंतर

आणीबाणीच्या काळात, १ जुलै १९७५ ला इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यात वेठबिगारी संपवणं हे एक कलम. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये कायदा. या कायद्यानं बंधक मजुरांची सगळी कर्जं एका फटक्यात संपवली. वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुरावा कुणी द्यायचा याबद्दलचं कलम. मजुरानं म्हटलं की हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर. शेकडो वर्षं वही खरी आणि आठवण खोटी होती. कायद्यानं प्रथमच आठवणीची बाजू धरली.

हे कागदावर. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्थेनं १९७८ च्या सुमारास दहा राज्यांत केलेल्या पाहणीत बंधक मजुरांचा अंदाज सुमारे २६ लाख निघाला. सरकारी यंत्रणांनी पुढच्या कित्येक दशकांत देशभर शोधून काढलेले मजूर मात्र तीन लाखांच्या आसपास. त्यांत कर्नाटकातले साठ हजारांहून अधिक. सुटलेल्या मजुराला १९७८ च्या योजनेनं चार हजार रुपये पुनर्वसन मदत ठरली. पुढं ती वाढत गेली.

गावात काय झालं? वह्या काही दिवस माळ्यावर गेल्या. 'जीत' हा शब्द बोलायचा बंद झाला. उचल चालू राहिली, तिला ॲडव्हान्स म्हणू लागले. ज्यांची खरीच सुटका झाली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ती कायद्यापेक्षा दुसरी वाट सापडल्यामुळं झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आठवड्याला रोख पगार हातात पडतो, हे लोकांनी पाहिलं होतं. हैदराबाद, मुंबई, पुणे इथं बांधकामं वाढली. सीमेपलीकडं महाराष्ट्रात रोजगार हमी आली, तिचा कायदा १९७७ चा. आपल्या बाजूला तसा हक्क मिळायला २००६ उजाडलं. राष्ट्रीय रोजगार हमीच्या पहिल्या टप्प्यात बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे होते. म्हणजे एका बांधाच्या दोन बाजूंना तीस वर्षांचं अंतर पडलं. सीमावादाच्या कुठल्याही सभेत मी हे ऐकलेलं नाही.

दुसरी वाट मनातली. गुलबर्ग्यात १९६८ मध्ये बी. श्यामसुंदर यांनी भीमसेना उभी केली. हैदराबाद संस्थानातल्या दलित चळवळीचा त्यांचा अनुभव जुना. औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेली पोरंही तोवर या भागात परतू लागली होती. वळचणीची कपबशी कायद्यानं नाही गेली. एका पाडव्याला गड्याचा शिकलेला पोर आला, त्यानं चहा नको म्हटलं, आणि त्यानंतर कपबशी तिथं ठेवायला घरातल्या बायकांनाच लाज वाटू लागली. आमच्या घरात तरी ती अशी गेली.

साम्य किती, फरक किती

दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या जमीन कायद्यानं काळ्या लोकांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीपुरतं बांधून टाकलं. १९३६ नंतर ते तेरा टक्क्यांच्या आसपास गेलं. मजुरानं मालकाचं काम सोडलं तर तो फौजदारी गुन्हा. ते कायदे १९७४ मध्ये रद्द झाले, आपल्या वटहुकमाच्या फक्त एक वर्ष आधी. तिथं शासन उघडपणे मालकाच्या बाजूनं. आपल्याकडं १९५० नंतर शासन कागदावर गड्याच्या बाजूनं, आणि गाव मालकाच्या. त्यामुळं तिथं कायदा बदलणं हीच लढाई होती. इथं कायदा पंचवीस वर्षं आधीच बदललेला होता आणि गड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

साम्य एका ठिकाणी फार जवळचं आहे. चार्ल्स व्हॅन ऑन्सेलन या इतिहासकारानं कास मेन नावाच्या काळ्या बटईदाराचं चरित्र लिहिलं. १८९४ ते १९८५ असं नव्वद वर्षांचं आयुष्य, कितीतरी गोऱ्या मालकांच्या जमिनीवर. सरकारी दप्तरात या माणसाची नोंद एकच : १९३१ मध्ये कुत्र्याचा परवाना नव्हता म्हणून पाच शिलिंग दंड. बाकी सगळं चरित्र त्याच्याशी आणि त्याच्या माणसांशी वर्षानुवर्षं बोलून उभं केलं आहे.

आमच्या आजोबांची वही माझ्याकडं आहे. तिच्यात आमच्या गड्याचं नाव बावीस पानांवर आहे, आणि प्रत्येक पानावर ते 'नावे' बाजूला आहे. शेवटच्या पानावर त्याचं नाव खोडून खाली त्याच्या मुलाचं लिहिलंय, बाकी तीच पुढं ओढलीय. गेल्या वर्षी मी ती वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. नातू शाळेत मास्तर आहे. त्यानं पानं चाळली आणि म्हणाला, "सर, वही तुमच्याकडं हाय. आमच्याकडं काय हाय?" मग त्यानं आत बसलेल्या आईला हाक मारली. तिला वाचता येत नाही. पण कुठल्या साली कुठली बैलजोडी होती, कुठल्या पट्टीत तूर साधली, कुठल्या श्रावणात किती पायल्या आणल्या आणि किती घातल्या, हे ती दीड तास सांगत राहिली. माझ्या वहीतल्या तीन नोंदी तिच्या सांगण्याशी जुळल्या नाहीत. तिन्ही ठिकाणी वहीतला आकडा मोठा होता.

मंडळापुढं माझी एक सूचना आहे. १९७५ आधी सालानं राहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत प्रत्येक सभासदानं दोन-दोन घरं वाटून घ्यावीत, मराठी आणि कन्नड दोन्हीत, त्यांचं सांगणं उतरवून घ्यावं, आणि बायकांचं आधी घ्यावं. ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांनी त्या मंडळाकडं आणाव्यात. माझी मी आणून दिली आहे. तिच्या शेजारी त्या बाईंचं सांगणं, त्यांच्या परवानगीनं आणि नाव न छापता, ठेवलं आहे. जुळत नाहीत त्या तिन्ही नोंदींवर खूण केली आहे.